अ, ब, क आणि सुर्वेबाई

सुर्वेबाईंनी सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाथ्यावर, घर बांधलं तेव्हा त्यांना शेजार नव्हता, आणि शेजार नसावा म्हणूनच त्यांनी ती जागा घेतली होती. त्यांची सगळी नोकरी मंडणगड तालुक्यातल्या डोंगरी शाळांमधून झालेली. एक खोली, चार इयत्ता आणि एकट्या बाई. पहिलीला पाटीवर गिरवायला बसवावं, दुसरीला पाढे घोकायला लावावेत, तोवर तिसरीत मारामारी सुरू. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीच्या बाहेर, जिथं नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या होत्या तिथं, जांभ्याच्या चिऱ्यांचं बेताचं घर बांधलं, कातळ फोडून विहीर काढली, भोवती दगडांचा गडगा रचला आणि "आता माझ्या कानांना सुट्टी" म्हणून पडवीत आरामखुर्ची टाकली.

ती सुट्टी दोन-तीन पावसाळेच टिकली. ऐंशी सालानंतर रत्नागिरी सड्यावर चढायला लागली. कचेऱ्या वाढल्या, बदलीची माणसं वाढली, मुंबईहून परतणाऱ्यांना गावातल्या घरापेक्षा शहरातला ब्लॉक बरा वाटू लागला. बाईंच्या गडग्याला अगदी खेटून, तीन बाजूंनी तीन इमारती उभ्या राहिल्या. बांधणाऱ्यानं त्यांना नावंसुद्धा दिली नाहीत. भिंतीवर निळ्या रंगात नुसतं अ, ब आणि क. चौथी बाजू तेवढी उघडी राहिली. आमच्या गॅलऱ्या बाईंच्या खळ्यावर, पुढच्या अंगणावर, इतक्या वाकलेल्या होत्या, की आम्ही वर कुकरच्या शिट्ट्या मोजत असू आणि खाली बाईही मोजत असत. "क तुकडी, पहिला मजला, डाळ लागली!" अशी हाक खालून यायची, आणि खरंच लागलेली असायची.

'तुकडी' हा त्यांचा शब्द. अ, ब, क म्हटल्यावर दुसरं काय सुचणार त्यांना? इमारत म्हणजे तुकडी, आणि आम्ही सगळे, त्यात नोकरीवाले, नातवंडंवाले सगळे आले, पटावरचे विद्यार्थी.

आम्ही ब मध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. माझं माहेर दापोलीकडचं मुरुड, आणि आमचे हे मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस. बाईंची माझी ओळख झाली ती यांच्या बनियनमुळे. आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं ते दोरीवरून उडालं आणि खाली बाईंनी चटईवर आमसुलं वाळत घातली होती, त्यांवर जाऊन पडलं. खालून दोन टाळ्या ऐकू आल्या.

"ब तुकडी! दुसरा मजला! खाली या!"

मी धावतच गेले. गडग्यातल्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उंच, काटकुळ्या, नऊवारीतल्या बाई उभ्या. केस आखडून बांधलेले, हातात बनियन, शाळेत जप्त केलेली वस्तू धरावी तसं दोन बोटांत धरलेलं.

"नवीन प्रवेश?"

"हो."

"नाव?"

"शुभदा."

"गाव?"

"मुरुड. दापोलीचं."

"मुरुडची असून दोरीला चिमटे लावत नाहीस? तिथं काय वारा नसतो?" मग बनियन नाकाजवळ नेऊन, "आणि हा वास कसला गो?"

"अमोनियाचा. हे बर्फाच्या कारखान्यात असतात."

"हां. म्हणजे नवरा थंड आहे. बरं आहे." हे त्या जराही न हसता म्हणाल्या. मला हसू आवरेना. त्यांनी ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवून मूठभर आमसुलं कागदात बांधून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी वाटीत खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले. आपल्याकडे कुणी काही दिलं तर आपणही काहीतरी देतो, तेवढंच मनात. बाईंनी वाटीवरचं झाकण उघडून वड्या बघितल्या. "छान जमल्यात. पाक थोडा पुढं गेलाय," असं म्हणाल्या, आणि झाकण लावून वाटी परत माझ्याकडे सरकवली.

"मी कुणाचं काही घेत नाही. राग मानू नकोस. नियम आहे."

राग नाही, पण जरा अपमान वाटलाच. नंतर कळलं, की तो सगळ्यांच्याच वाट्याला आलेला आहे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी पावसकर कोर्टात नोकरीला होते, कुठल्याही गोष्टीवर "पुरावा काय?" म्हणायची त्यांना सवय. त्यांनी आपल्या बागेतले हापूस पाठवले, ते परत आले. कुणाचं हळदीकुंकवाचं वाण, कुणाचे गणपतीचे मोदक, सगळं परत. पण बाईंच्या परसातली केळीची पानं, कढीलिंब, अळू, लिंबं ही मात्र तिन्ही इमारतींत फिरत असत. एका हातानं ओंजळी भरून द्यायचं आणि दुसरा हात मागं बांधून ठेवायचा.

तो नियम कुठून आला हे त्यांनी मला एका दुपारी चिंच फोडता फोडता सांगितलं. पहिल्या नेमणुकीचं गाव. दोन वाड्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. शाळा मधोमध. बाई तेव्हा जेमतेम विशीच्या. उन्हातून चालत गेल्या, वरच्या वाडीतल्या एका घरी म्हातारीनं ताक दिलं, त्या प्यायल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मीच पोरं.

"खालच्या वाडीनं पोरं पाठवली नाहीत गो. का, तर मास्तरीण त्यांची झाली. एका वाटीभर ताकात झाले मी त्यांची. घरोघर जाऊन हातापाया पडले तेव्हा पोरं आली. तेव्हा ठरवलं, कुणाचं ताक नाही, कुणाचा नारळ नाही. तापानं फणफणले होते एकदा, तर दोन्ही वाड्यांतून पेज आली. दोन्ही परत केल्या. स्वतः उठून चूल पेटवली."

"आणि मग?"

"मग काय? पुढं दोन्ही वाड्यांतली पोरं एका चटईवर बसली. एकाच माठातलं पाणी प्यायली. मी कुणाची नव्हते म्हणून." चिंचोका टोपलीत टाकून त्या म्हणाल्या, "आता सवय झाली. आता कुणी दिलं की हातच पुढं होत नाही."

शांततेसाठी आलेल्या बाईंना आमचा गोंगाट कसा सोसत होता, हा प्रश्न मला नेहमी पडे. वरवंटे, भांडणं, रेडिओ, रविवारी सकाळी अ इमारतीतल्या एकमेव टीव्हीपुढं जमलेली सगळी मुलं. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिलं वर्ष त्रास झाला. रोज वाटायचं, घर विकावं नि परत मंडणगडात जावं. मग एक दिवस तुम्ही सगळे कुठल्याशा लग्नाला गेलात. तिन्ही तुकड्या रिकाम्या. दिवसभर एक भांडं पडल्याचा आवाज नाही. मला पोळी गिळेना."

त्यांना आमचं सगळं ऐकू यायचं आणि त्याहून जास्त दिसायचं. पण एका घरचं दुसऱ्या घरी त्यांनी कधी नेलं नाही. एकदाच त्या वर दिसलेल्या गोष्टीवरून आमच्यात शिरल्या, आणि ते बरंच झालं.

क मध्ये तिसऱ्या मजल्यावर सुनंदा राहत होती. कऱ्हाडकडची, सावळी, अबोल मुलगी. नवरा मस्कतला गॅरेजमध्ये. बाळंतपणाला आलेली आई गावी परत गेली होती आणि ही तान्ह्या मुलीला घेऊन एकटी. एका सकाळी मी कचेरीत निघाले होते, तेवढ्यात बाईंनी मला बेड्यातूनच थांबवलं.

"क तुकडी, तिसरा मजला बघ. काय दिसतं?"

"काहीच नाही."

"तेच म्हणते मी. कालपासून दोरीवर लंगोट नाहीत. एवढंसं पोर घरात असताना लंगोट वाळत नाहीत म्हणजे काय? चल."

इमारतीचा जिना बाई त्या दिवशी पहिल्यांदाच चढत होत्या. दाराशी गेलो तर आतून मुलीचं बारीक, थकलेलं रडणं. मी कडी वाजवली, हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारचे पावसकरांना बोलवायला धावले, कुणी म्हणालं दार फोडा. बाईंनी सगळ्यांना हातानं मागं सारलं आणि दाराला तोंड लावून, अजिबात आवाज न चढवता बोलायला लागल्या.

"सुनंदा, मी खालची बाई. ऐकू येतंय ना? उठता येत नसेल तर उठू नको. बसून सरक. घाई नाही. दाराजवळ आलीस की हात वर कर. मी इथंच आहे."

बराच वेळ गेला. मग आत काहीतरी घासत आल्यासारखं ऐकू आलं, आणि कडी निघाली. सुनंदा उंबऱ्यातच कोसळली. अंग नुसतं भाजत होतं. रिक्षातून तिला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. ती बरी होऊन येईपर्यंत तिची मुलगी बाईंच्या घरी. आयुष्यात मूल न वाढवलेल्या बाई चिंधीच्या वातीनं तिला दूध पाजताना आम्ही वरून बघत होतो. बाळ रडायला लागलं की त्या पाढे म्हणत. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. बाळ तेराच्या पाढ्याला झोपायचं.

पुढं नवरा सुट्टीवर आला तेव्हा सुनंदानं राहिलेलं बारसं केलं. बाईंना बोलावणं गेलं. त्या गेल्या, पाळण्याला हात लावला, मुलीला पाहून डोळेही भरले त्यांचे. पण घुगऱ्यांची पुडी सुनंदानं पुढं केली तेव्हा त्यांनी तिचा हात हळूच मिटवला. "नको गो. नियम आहे माझा." सुनंदा पुडी घेऊन आत गेली. मी तिथंच होते. मला वाटलं, बाईंचं हे आम्हाला सवयीचं झालंय, तिलाही होईल.

सड्यावर पाण्याचे हाल असायचे. एप्रिल उजाडला की नळ एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग टँकर, मग टँकरसाठी भांडणं. बाईंची विहीर मात्र मे महिन्यातही हात देत असे. आम्ही आल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, सुनंदाच्या दुखण्याच्याही आधी, बाईंनी बेडं उघडलं. सकाळचा वेळ ठरला. एका घराला दोन हंडे, लेकुरवाळीला तीन. रांग मोडली की पुन्हा शेवटी जायचं. पावसकरांनाही जावं लागलं होतं. सुनंदा पहिल्या दिवशी कळशी घेऊन बेड्याबाहेरच उभी राहिली, आत येईना. बाई ओरडल्या, "तिथं काय उभी? आत ये, रहाट धर. तुझं पाणी कोण काढणार, मी?" ती आली. दोरावर हात ठेवताना तिनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, हे मला आठवतं.

असे दोन-तीन उन्हाळे गेले. आणि मग एका वर्षी, पावसाळा संपता संपता, बाईंनी विहिरीवर माडाच्या झावळ्यांची झापं टाकली आणि सांगितलं, "पाणी बंद."

लोक चिडले. पावसात नळाला पाणी असतं, पण येता उन्हाळा सगळ्यांना दिसत होता. कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, आता पाणी विकायला काढणार. बाई सांगत होत्या, "पाण्याला वास येतोय," पण विश्वास कोण ठेवणार? पावसकर म्हणाले, "पाचोळा कुजला असेल. पुरावा काय?"

रविवारी बाईंनी तिन्ही तुकड्यांना खाली बोलावलं. पालकसभा म्हणून. खळ्यात चटया अंथरल्या होत्या. माणसं कुरकुरत बसली. बाईंनी रहाटानं एक बादली वर काढली, मधोमध ठेवली.

"भाषण नाही. एकेकानं उठायचं, वाकून वास घ्यायचा आणि जागेवर जाऊन बसायचं. पावसकर, तुमच्यापासून."

पावसकर उठले, वाकले, आणि त्यांचा चेहरा बदलला. ते जागेवर जाऊन बसले. मग दुसरा उठला. मग तिसरी. मीही गेले. तो वास कुजलेल्या पाल्याचा नव्हता. तो कसला होता हे नाकाला लगेच कळत होतं. माझी मान आपोआप ब इमारतीच्या मागच्या कोपऱ्याकडं वळली. जागा वाचवायला बांधणाऱ्यानं संडासाच्या टाकीचा शोषखड्डा बाईंच्या गडग्याला लागून खणला होता, विहिरीच्या वरच्या अंगाला. जांभा दगड म्हणजे चाळणी. आमची घाण झिरपत झिरपत, जिनं आम्हाला उन्हाळे काढायला पाणी दिलं, तिच्या विहिरीत उतरली होती.

शेवटचा माणूस जागेवर जाऊन बसला. तेव्हा बाई म्हणाल्या, "कुणाला शिक्षा करायला बोलावलं नाही. फक्त मी खोटं बोलत नव्हते, एवढं कळावं. सुटली सभा."

पावसकर उठून उभे राहिले. एरवी फार बोलणारा माणूस. "बाई, हा खड्डा इथून निघेल. मी शब्द देतो," एवढंच म्हणाले. आणि त्यांनी तो पाळला, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. बांधणारा केव्हाच दुसऱ्या गावी इमारती बांधायला निघून गेला होता. पावसकरांनी घरोघर फिरून सगळ्यांना तयार केलं, इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, उताराच्या बाजूला, नवा खड्डा खणायचं काम धरलं. पण कातळ फोडायला महिने लागतात, आणि त्यानंतरही विहीर उपसून एक पावसाळा तरी जायला हवा होता.

तोवर बाईंच्या पाण्याचं काय? विहीर असताना नळ कशाला, म्हणून त्यांनी नळ कधी घेतलाच नव्हता. पाखाडीच्या, सड्यावरून उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, पायथ्याशी एक सार्वजनिक नळ होता. साठी उलटलेल्या बाई रोज सकाळी कळशी घेऊन पाखाडी उतरायच्या आणि भरली कळशी कमरेवर घेऊन, मध्ये मध्ये टेकत, वर यायच्या. त्यांची वाट आमच्या तिन्ही इमारतींच्या खिडक्यांखालून. सकाळी त्यांची चाहूल लागली की आमच्यापैकी कितीतरी जणी खिडकीतून मागं सरत असू. आमच्या घरात नळ वाहत असायचा आणि खालून त्या चाललेल्या असायच्या.

कुणी विचारलं नाही असं नाही. मी विचारलं. पावसकरांच्या बायकोनं विचारलं. यांनी तर कळशी हातातून ओढून घ्यायचा प्रयत्न केला. "सोडा हो, थंड नवरे," म्हणून बाईंनी ती सोडवून घेतली. सगळ्यांना उत्तर एकच. नियम आहे.

एका सकाळी मी पुन्हा समजूत घालायला त्यांच्या पडवीत जाऊन बसले होते. बाई नुकत्याच पाखाडी चढून आल्या होत्या. बोलायला दम नव्हता. तेवढ्यात बेड्यातून सुनंदा आली. कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तिनं तो बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"बाई, पाणी घ्या."

"सुनंदा, तुला ठाऊक आहे ना..."

"ठाऊक आहे." ती उभीच राहिली. "एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुमचा नियम सगळ्यांना आहे, का आम्हालाच आहे?"

बाईंना काही कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही.

"आमच्या गावात आमचा पाणवठा वेगळा होता," सुनंदा म्हणाली. आवाज खालचाच, पण थांबत नव्हता. "तो आटला की माझी आई वरच्या विहिरीवर जायची. लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. तुम्ही मला पहिल्याच दिवशी रहाट धरायला लावलात. घरी जाऊन रडले मी. नवऱ्याला पत्रात लिहिलं. मग तुम्ही माझा जीव वाचवलात. आणि माझ्या पोरीच्या घुगऱ्या तेवढ्या परत केल्यात. तेव्हा म्हटलं, आहे, इथंही तेच आहे. द्यायला चालतं, आमच्या हातचं घ्यायला चालत नाही. देणारी माणसं पुष्कळ भेटतात, बाई."

बाई जागच्या जागी खाली बसल्या.

"अगो, मी सगळ्यांचंच परत करते. हिच्या वड्या केल्या, पावसकरांचे आंबे केले..."

"ते मला कुठं दिसलं? माझ्या हातातून परत गेलं तेवढं मला दिसलं."

"आणि इतके दिवस तुला हेच वाटत होतं?"

"रोज."

बाईंची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, उलगडत होती. ज्या बाईनं दोन वाड्यांची पोरं एका माठावर आणण्यासाठी तो नियम धरला होता, तिला कुणीतरी आज त्याच नियमाची दुसरी बाजू दाखवली होती. मला वाटलं आता त्या समजावून सांगतील, ती ताकाची गोष्ट सांगतील. पण त्यांनी हात पुढं केला, तांब्या उचलला आणि वरून धार न धरता थेट तोंडाला लावला. घटाघटा, सगळा संपेपर्यंत प्यायल्या. थोडं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. तांब्या खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं.

"उद्यापासून सकाळी सहाला आण," त्या म्हणाल्या. "उशीर चालणार नाही."

सुनंदा हसली आणि रडली. कडेवरच्या मुलीला हे काही कळलं नाही. ती रिकाम्या तांब्यात हात घालून बघत होती.

एकीचं घेतल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. आठवड्याभरात बाईंनीच पाळ्या लावून दिल्या. सोमवारी अ, मंगळवारी ब, आणि सहा वाजता म्हणजे सहा. एकदा पावसकर स्वतः खांद्यावर हंडा घेऊन उतरले, तर बाईंनी त्यांना पाणी गाळून आणलं नाही म्हणून परत पाठवलं. घ्यायला त्या लागल्या खऱ्या, पण सुरुवातीला फार अवघडायच्या. कुणी पाणी ओतून गेलं की पाठमोऱ्या माणसाकडं बघत उभ्या राहायच्या, जणू काही म्हणायचं राहून गेलंय. एकदा मला म्हणाल्या, "त्या गावात कुणाला वाईट वाटू नये म्हणून धरलं होतं गो ते. आणि इथं..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग उठून आत गेल्या आणि मला सांगितलं, "गणपतीला मोदक करशील ना? पारी पातळ कर."

नवा खड्डा झाला. जुना खणून, साफ करून, मातीनं भरला. विहीर उपसली, चुना टाकला, एक पावसाळा तसाच जाऊ दिला. पुढल्या दिवाळीत बाईंनी पाणी तपासून आणवलं आणि झापं काढली. त्या दिवशी तिन्ही इमारतींतली माणसं विहिरीच्या काठावर उभी होती. बाईंनी पहिली कळशी सुनंदाच्या मुलीच्या पायांवर ओतली. ती थंड पाण्यानं किंचाळली, आणि बाई, मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहत होते, तोंड उघडून हसल्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी यांना हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात बरी जागा मिळाली. मला माहेर जवळ होणार होतं, आम्ही निघालो. एव्हाना बाईंच्या गडग्याच्या चौथ्या बाजूलाही इमारत उठली होती. तिच्यावर 'ड' रंगवायच्या आतच माणसं राहायला आली होती, नळ मात्र अजून जोडलेला नव्हता.

निघायच्या सकाळी सामान टेंपोत चढलं आणि मी बाईंचा निरोप घ्यायला बेड्याशी गेले. आत ड मधल्या बायकांची रांग लागलेली. नवीन माणसं, कुणी हंडा घेऊन घुसतंय, कुणी बोलतंय, कुणाचं पोर रहाटाला लोंबकळतंय. बाई मधोमध उभ्या. देशावरच्या बोलीत बोलणारी एक जाडजूड बाई त्यांना शेंगदाण्याचा लाडू देत होती, "खावा की ओ बाई, घरी केलाय." बाईंनी तो घेतला आणि सगळाच्या सगळा तोंडात टाकला. तेवढ्यात पुढं कुणीतरी रांग मोडली. बाईंनी दोन टाळ्या वाजवल्या, ओरडायला तोंड उघडलं, पण लाडू मोठा होता. शब्द फुटेना. त्या डोळे वटारून, गाल फुगवून, हातानंच रांग मोडणारीला मागं जा, मागं जा म्हणून खुणावत राहिल्या.

मग त्यांना मी दिसले. त्यांनी घास गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही, एक बोट वर करून "थांब" अशी खूण केली. मी थांबले. पण टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला, रांगेत कळशीवर कळशी आदळली, आणि बाई तोंडातला लाडू चावत चावतच तिकडं वळल्या.